सारखा न्यूमोनिया होतोय? रक्ताचा कागद पुन्हा वाचा

म्हशीचे दूध लिटरभर कमी झाले तर आपण दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकाला गाठतो. घरातला पासष्टीचा माणूस मात्र वर्षात तिसऱ्यांदा छातीच्या दुखण्याने पडला, तरी "वय झालंय, गारठा बाधला" म्हणून विषय संपवतो. सलाईन लागते, सुया होतात, ताप उतरतो, म्हातारबा पुन्हा रात्रीची दारे धरायला जातात. दोन महिन्यांनी परत तेच.

अशा वेळी साधी रक्ततपासणी, म्हणजे सीबीसी, बारकाईने पाहणे गरजेचे असते. रक्तात पांढऱ्या पेशी साधारण चार ते अकरा हजार असतात. जंतुसंसर्गात त्या वाढतात आणि आजार बरा झाला की खाली येतात. पण ताप जाऊन महिना झाला तरी आकडा तीस-चाळीस हजारांवरच आहे आणि त्यात बहुतेक पेशी 'लिम्फोसाइट' आहेत, असे दिसले तर तो कागद बाजूला टाकू नये. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया (सीएलएल) या संथ चालीच्या रक्ताच्या कर्करोगाची ती खूण असू शकते. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळतो, आणि जो आढळतो तो बहुधा उतारवयात. त्यामुळे तो सहसा कुणाच्या मनात येत नाही.

मान, काख किंवा जांघेत न दुखणाऱ्या गाठी, पोटात डावीकडे जडपणा (प्लीहा वाढलेली), थकवा, वजन घटणे ही इतर लक्षणे. कित्येकांना यातले काहीच नसते. आपल्या भागात मानेला गाठ आली की आधी क्षयाची शंका येते, आणि ती रास्तही आहे. पण तपासणी न करता क्षयाच्या गोळ्या सुरू करणे बरोबर नाही. गाठीची आणि थुंकीची तपासणी आधी व्हावी. सीएलएलचे पक्के निदान 'फ्लो सायटोमेट्री' या तपासणीने होते. तिला हाताच्या शिरेतले रक्तच बहुधा पुरते. ठरावीक जातीच्या पेशी दर मायक्रोलिटरला पाच हजारांच्या वर आणि तीन महिने टिकून असतील, तर निदान धरतात.

कॅन्सर म्हटले की घर हादरते. पण यात पुष्कळांना लगेच औषध लागत नाही. डॉक्टर ठरावीक महिन्यांनी बोलावून नुसती नजर ठेवतात. "औषधच दिलं नाही, मग डॉक्टर कसला" म्हणून दवाखाने बदलत फिरणाऱ्यांनी हे समजून घ्यावे.

खरा धोका न्यूमोनियाचा. पांढऱ्या पेशी ढीगभर, पण त्यातल्या बऱ्याच निकामी; जंतूंशी लढणारी प्रतिद्रव्ये कमी पडतात. पीक उंच दिसावे आणि कणसात दाणा भरू नये, तसा हा प्रकार. अशा रुग्णाला थंडी वाजून ताप, खोकला, श्वास घेताना छातीत कळ, धाप किंवा बोलण्यात असंबद्धपणा दिसला तर सकाळची वाट पाहू नये. मिनिटाला तीसच्या वर श्वास किंवा बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९४ च्या खाली, म्हणजे थेट रुग्णालय. गावात मिळणाऱ्या 'मिक्स' सुईत स्टेरॉइड असेल तर ताप दबतो, जंतू मात्र तसेच राहतात. डॉक्टरांना "यांना सीएलएल आहे" हे पहिल्या वाक्यात सांगावे. प्रतिजैविकाचा कोर्स अर्धा सोडू नये.

प्रतिबंधाचे म्हणाल तर न्यूमोकोकल लस आणि दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी, फ्लूची लस. लहान बाळांना न्यूमोकोकल लस सरकारी कार्यक्रमात मिळते, मोठ्यांना बहुधा विकत घ्यावी लागते. या आजारात लस थोडी कमी लागू पडते, म्हणून निदान झाल्यावर लवकर घेतलेली बरी. जिवंत जंतूंच्या लसी मात्र टाळाव्यात. वारंवार न्यूमोनिया होत असेल तर प्रतिद्रव्यांचे इंजेक्शन लागते का, हे तज्ज्ञ ठरवतात. विडी सोडावी, हे वेगळे सांगायला नको.

आता आमच्या खात्याचा विषय. बुरशी आलेला कडबा झाडणे, उकिरडा उपसणे, कंपोस्ट उलथणे ही कामे अशा माणसाला देऊ नयेत. ती बुरशी कमकुवत छातीत घर करते. मळणीच्या धुळीपासूनही त्याला लांब ठेवावे. फवारणीबद्दलही लोक विचारतात. व्हिएतनाम युद्धातल्या 'एजंट ऑरेंज' तणनाशकाशी सीएलएलचा संबंध अमेरिकेने २००३ पासून आपल्या माजी सैनिकांसाठी मान्य केला आहे. त्यात उसाला वापरतो ते २,४-डी होते हे खरे, पण डायऑक्सिन हे घातक विष त्यातल्या २,४,५-टी या दुसऱ्या घटकातून आले होते. म्हणून आपल्या फवारणीने हा आजार होतोच, असे कुणी म्हणू नये. तरीही उघड्या अंगाने पंप पाठीला लावणे कोणत्याच औषधाला चालत नाही.

उपचारासाठी लगेच मुंबई गाठलीच पाहिजे असे नाही. मोहोळहून वैरागमार्गे बार्शीला कॅन्सर रुग्णालय आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये याच बार्शीत सुरू झाली. सोलापूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. ग्रामसेवक, सरपंच आणि आशाताईंनी गावात वर्षात दोनदा न्यूमोनिया झालेल्या वृद्धांची यादी करून सीबीसी करवून घ्यावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारावे. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि रक्ताचे जुने सगळे कागद तारखेप्रमाणे लावून न्यावेत.