रिलिव्हर आला नाही, तर पुढच्या पाळीचे पैसे किती?

ढोकीजवळ तेरणानगरात तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना आहे. बरेच हंगाम बंद राहिलेला हा कारखाना पुढे भाडेतत्त्वावर पुन्हा सुरू झाला. तिथलेच काय, कोणत्याही साखर कारखान्याचे गळीत एकदा लागले की चोवीस तास थांबत नाही. चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार अशा तीन पाळ्या लागतात. दुपारी बाराला पाळी बदलायची वेळ होते आणि पुढचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, आलेलाच नसतो. पेटता बॉयलर सोडून घरी जाता येत नाही. गाळप अडले तर गव्हाणीपाशी थांबलेल्या उसाचा उतारा घसरतो. मग चार ते बारा केलेलाच कामगार रात्री आठपर्यंत थांबतो. कामगारांच्या बोलीत ही ‘डबल ड्युटी’. तिचे पैसे कसे धरायचे, हा आजचा विषय.

नेमका हाच प्रसंग 1948 च्या कारखाने अधिनियमात लिहिलेला होता. जादा कामासह दिवसाला 10 तासांच्या वर कुणाला राबवायचे नाही, असे कलम 64 सांगत असे. पण तांत्रिक कारणाने जे काम अखंड चालवावेच लागते, तिथे कामावर न आलेल्या माणसाच्या जागी पाळीतल्या कामगाराला पुढची पाळी पूर्ण किंवा थोडी करू देण्याचे नियम राज्य सरकारला करता येत होते. ही सवलत फक्त तासांच्या मर्यादेपुरती होती. पैशांत कुठलीही सूट नव्हती. तिथे कलम 59 लागत होते: दिवसाला 9 तासांच्या किंवा आठवड्याला 48 तासांच्या वरचे काम नेहमीच्या दराच्या दुपटीने.

त्या कायद्यात नेहमीचा दर म्हणजे मूळ पगार, महागाई भत्ता आणि कामगाराला लागू असलेले इतर भत्ते. बोनस त्यात येत नव्हता, आधीचा ओव्हरटाइमही नाही. हिशेबासाठी समजा, हे सगळे मिळून महिन्याला 18,200 रुपये होतात. कामाचे दिवस 26 धरले तर रोजचे 700, आठ तासांनी भागले तर तासाला साडेसत्याऐंशी. दुप्पट केली की 175. जादा आठ तासांचे 1,400 रुपये. तोच पगार 30 ने भागला तर हेच आठ तास साधारण 1,213 रुपयांवर येतात. म्हणून पगारपत्रक हातात आले की आधी भागाकार कितीने केला आहे ते पाहावे.

1948 च्या कायद्यातली एक अडचण मात्र चटकन लक्षात येत नसे. रोजचा हिशेब 9 तासांच्या पुढे सुरू होत असे, म्हणजे सोळा तासांतले फक्त सात दुप्पट दराचे. आठवड्याचे सहाही दिवस भरले असतील तर एकूण तास 56 होत, 48 च्या वरचे आठ, आणि आठही दुप्पट. पण त्याच आठवड्यात एक खाडा झाला असेल तर बेरीज 48 वर थांबत असे. मग नववा तास एकपटीने आणि पुढचे सात दुपटीने, मिळून 1,312 रुपये 50 पैसे. एका खाड्याने साडेसत्याऐंशी रुपये गेले, आणि का गेले हे टाइम ऑफिस आपणहून समजावून सांगेल अशी आशा धरण्यात अर्थ नव्हता.

त्या कायद्याच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीच्या संहितेत दिवसाची मर्यादा 8 तासांची आहे. जादा कामाचा दर दुप्पटच आहे, आणि रोजच्या व आठवड्याच्या हिशेबांपैकी कामगाराला जो फायद्याचा, तो धरायचा आहे. जादा कामाला कामगाराची संमतीही लागते. बारीक तपशील राज्याच्या नियमांवर सोडला आहे, आणि जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तेवढे चालू राहतात. नव्या व्याख्येत मजुरी म्हणजे मूळ पगार, महागाई भत्ता आणि रिटेनिंग भत्ता. वगळलेले भत्ते एकूण मेहनतान्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम मजुरीतच धरली जाते. मूळ पगार तोकडा ठेवून बाकीचे भत्त्यांत दाखवण्याची चाल त्यामुळे पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही.

आता प्रश्न येतो, दर कुणाचा? ऑइलमनने गैरहजर फिटरची पाळी केली तर कायद्याने दुप्पट होतो तो ऑइलमनचा स्वतःचा दर. वरच्या पदाच्या कामाचा फरक हवा असेल तर तो वेतन करारात किंवा स्थायी आदेशांत शोधावा लागतो. आणि आपल्याच आठ तासांत शेजारच्याचेही काम उरकले, तर ओव्हरटाइम निघत नाही, कारण कायदा फक्त तास मोजतो. मला हे अन्यायाचे वाटते, पण कायदा असाच आहे.

‘पैसे नकोत, एक दिवस सुट्टी घे’ हा तोडगाही सर्रास चालतो. साप्ताहिक सुट्टी बुडाली तर बदली सुट्टी मिळायलाच हवी, पण ती दुप्पट मजुरीऐवजी देता येत नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे गैरहजर मित्राच्या नावावर हजेरी लावून त्याचे पैसे आपसांत वाटून घेणे. यात दुप्पट दर तर जातोच, शिवाय त्या पाळीत हात यंत्रात सापडला तर कागदावर तिथे भलताच माणूस असतो, आणि भरपाईचा दावा तिथेच अडकतो.

कंत्राटदाराकडच्या कामगारालाही दुप्पट दराचा हक्क आहे. गेटबाहेरच्या ऊसतोड मजुराला मात्र टनावर पैसे मिळतात आणि त्याचे तास कुणीच मोजत नाही.

डबल ड्युटी केली की त्याच दिवशी पाळी प्रमुखाची सही असलेली चिठ्ठी घ्यावी, किंवा निदान हजेरीच्या नोंदीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. वेतन संहितेखाली थकलेल्या मजुरीचा दावा 3 वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते.