हप्त्याचे घर (लेखांक ९) : मालक घरी आहे तोवर

भाड्याच्या उत्पन्नावरील प्राप्तिकराचे प्रकरण या आठवड्यास निकालात काढण्याचे मी कबूल केले होते, परंतु कर्वेनगरातील एका तरुण वाचकाच्या पत्राने ते तहकूब ठेवणे भाग पाडले आहे. आणि खरे सांगावयाचे तर त्याबद्दल मला फारसा विषाद वाटत नाही, कारण प्राप्तिकर कोठे पळून जात नाही, या गृहस्थास मात्र येत्या एक तारखेस बंगळुरास रुजू व्हावयाचे आहे.

त्यांची हकीगत थोडक्यात अशी. दोन बेडरूमांचा फ्लॅट त्यांनी कर्ज काढून घेतला. एका खोलीत स्वतः राहतात, दुसरी एका नोकरदार तरुणास दिली आहे, आणि त्या भाड्यातून हप्त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा परस्पर निघतो. कागद म्हणाल तर वहीच्या पानावर दोघांच्या सह्या, एवढाच. आता कंपनीने त्यांस वर्षभरासाठी बंगळुरास नेमले आहे, आणि ते विचारतात की, माझ्या खोलीस कुलूप लावून मी गेलो आणि तो तरुण आहे तसाच राहिला, तर हरकत ती कोणती?

हरकत आहे, आणि ती पुष्कळांच्या ध्यानीमनी नसते. आपल्या राहत्या घरातील खोली देऊन घराचा हप्ता घराकडूनच फेडून घेण्याच्या या साऱ्या युक्तीची मदार भाड्याच्या आकड्यावर, अनामतीवर किंवा कागदाच्या मथळ्यावर नसून, मालक त्याच छपराखाली निजतो या एका साध्या वस्तुस्थितीवर असते. ज्या अमेरिकेत या व्यवहारास 'हाउस हॅकिंग' असे चटकदार नाव पडले, तेथेसुद्धा सरकारी विम्याच्या गृहकर्जावर चार बिऱ्हाडांपर्यंतचे घर अवघी साडेतीन टक्के रक्कम पदरची घालून घेता येते ते, मालकाने त्यांतील एका बिऱ्हाडात किमान एक वर्ष स्वतः राहावे या अटीवरच; आणि इंग्लंडात सजविलेल्या खोलीच्या भाड्यापैकी वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतची रक्कम करमुक्त आहे, तीही खोली स्वतःच्या राहत्या घरातील असेल तरच. आपल्या महाराष्ट्रात या वस्तुस्थितीचे मोल कसे ठरले, त्याचा इतिहास मात्र याहून पुष्कळ रंजक आहे, आणि त्यासाठी अर्धशतक मागे जावयास हवे.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठविली आणि भाडेकरूस घराबाहेर काढणे जवळजवळ अशक्य केले, तेव्हा मालकांनी भाडेकरू ठेवण्याचेच सोडून दिले आणि जागा 'लीव्ह अँड लायसन्स'वर द्यावयास आरंभ केला. म्हणजे कागदोपत्री भाडेकरार नव्हे, केवळ राहण्याची परवानगी. ही पळवाट इतकी रुंद झाली की अखेर १९७३ साली विधिमंडळाने कायद्यात पंधरा-अ हे कलम घातले आणि असे फर्माविले की, १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो कोणी चालू परवान्यावर एखाद्या जागेत, अथवा 'एका खोलीहून कमी नसलेल्या' तिच्या भागात राहत असेल, तो त्या तारखेस आपोआप भाडेकरू झाला असे समजावे. आदल्या रात्री परवानाधारक म्हणून निजलेला मनुष्य सकाळी संरक्षित भाडेकरू होऊन उठला! एका खोलीचा तो उल्लेख पाहा. आपली एकच खोली दिली आहे, तेव्हा आपणांस काय धोका, असे समजून निर्धास्त बसलेल्या मालकालाही त्या एका शब्दप्रयोगाने गाठले. या धसक्याने कित्येक मालकांनी रिकाम्या जागांना वर्षानुवर्षे कुलपे ठोकून ठेवली. भाडे नको, पण जागा हातची जावयास नको, हीच त्या पिढीची वृत्ती झाली.

परंतु त्याच दुरुस्तीने एका वर्गास कटाक्षाने बाहेर ठेवले, आणि तो वर्ग म्हणजे पेइंग गेस्ट. त्याची व्याख्या कायद्याने अशी केली की, कुटुंबाचा घटक नसलेल्या ज्या इसमास, परवाना देणारा स्वतः ज्या जागेत राहतो त्या जागेचा काही भाग परवान्याने दिलेला असतो, तो पेइंग गेस्ट; आणि परवानाधारकाच्या व्याख्येतून त्यास वगळले. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला, जुना कायदा गेला, पण ही वेगळी पंगत कायम राहिली. दोघेही पैसे देतात, दोघेही खोलीत राहतात. भेद एवढाच की एकाच्या शेजारच्या खोलीत मालक घोरत असतो.

विद्यार्थिदशेत मी सदाशिव पेठेत ज्या बाईंकडे खोली घेऊन राहत असे, त्यांनी हा भेद आम्हां वकिली शिकणाऱ्या पोरांपेक्षा अधिक मार्मिकपणे ओळखला होता. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात त्यांची तांदळाची पत्र्याची कोठी उभी असे. पहाटे सहाच्या सुमारास दारावर दोन टिचक्या पडत, बाई पदर सावरीत आत येत, कोठीचे झाकण काढून मापाने तांदूळ घेत आणि एक शब्द न बोलता बाहेर जात. कोठी स्वयंपाकघरात नेऊन ठेवतो, तुम्हांला त्रास कशाला, असे मी एकदा सुचविले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की मी पुनश्च त्या वाटेस गेलो नाही. ती कोठी तेथे का आहे, याचा उलगडा मला पुढे वकिलीच्या वर्गात झाला: खोली माझी एकट्याची नव्हती आणि होऊही द्यावयाची नव्हती. बाहेरच्या दाराची चावी दोघांकडे, खोलीच्या कुलपाची दुसरी किल्ली बाईंच्या कमरेला, आणि दिवसातून एकदा का होईना पण हक्काची ये-जा. जागेचा अनन्य ताबा दिलेला नाही, याचा याहून बोलका पुरावा कोणता वकील रचून देणार?

अनन्य ताब्याच्या या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९५९ सालचा एक निवाडा आहे, तो केवळ कायदेपंडितांनी वाचावा असा नाही. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातील क्लोक रूम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन खोल्या कपूर नावाच्या गृहस्थांनी केशकर्तनाच्या धंद्यासाठी घेतल्या होत्या. दस्तास परवान्याचे स्वरूप दिलेले, भाषा परवान्याची. पण न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी दस्ताच्या वरच्या वेष्टनाकडे न पाहता आतील व्यवहार पाहिला आणि खोल्यांचा अनन्य ताबा दिला असल्याने हा भाडेपट्टाच आहे असा निष्कर्ष काढला. आणि बहुमत त्या मुद्द्यावर त्यांच्याच बाजूस पडले. गंमत अशी की, एवढा मोठा मुद्दा जिंकूनही कपूर दावा हरले, कारण हॉटेलातील खोल्यांना तेथील भाडे कायदा लागूच नाही, असे दुसऱ्या मुद्द्यावरील बहुमताने ठरले. त्यांच्या नावाचा आधार घेऊन मात्र पुढे कित्येक भाडेकरूंनी आपले हक्क शाबीत केले.

आता आमच्या वाचकाच्या प्रकरणाकडे वळू. आज ते घरी आहेत, स्वयंपाकघर सामाईक आहे, तेव्हा तो तरुण पेइंग गेस्ट आहे यात वाद नाही. चार दिवस गावी जाणे किंवा महिनाभर परदेशी कामावर जाणे याने काही बिघडत नाही. पण नोकरी, बिऱ्हाड आणि गाठोडे तिन्ही बंगळुरास हलविल्यावर, केवळ एका खोलीस कुलूप आहे म्हणून 'मी तेथे राहतो' असे म्हणणे माझ्या मते टिकावयाचे नाही. मग तो तरुण पाहुणा राहिला नाही. तो परवानाधारक झाला, किंबहुना वहीच्या पानाखेरीज हाती काही नसता तो स्वतःस काय म्हणवील हे त्याच्याच मर्जीवर राहिले.

कारण १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. तुम्ही एक वर्ष म्हणाल, तो तीन म्हणेल. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. येथे अकरा महिन्यांची ती सर्वपरिचित समजूत आड येते. वर्षाच्या आतील भाडेपट्ट्यास नोंदणी लागत नाही हा १९०८ च्या नोंदणी कायद्याचा नियम. त्यावरून अकरा महिन्यांचा परवाना नोंदविण्याची गरज नाही असे आपल्याकडे अजून छातीठोकपणे सांगितले जाते. महाराष्ट्रात ते चुकीचे आहे. मुदत अकरा महिन्यांची असो वा साठ, नोंदणी हवीच.

आणि नोंदणी करून मिळते काय, तर कपूरांच्या प्रकरणात जे हॉटेलवाल्यांना मिळाले नाही तेच! कलम २४ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की, परवान्याचा लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा समजावा. मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा, आणि जागा सुटेपर्यंत ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळते. लघुवाद न्यायालयाच्या पायऱ्या झिजविण्याच्या मानाने हा मार्ग पुष्कळ जवळचा.

खर्च ऐकून कोणी दचकू नये. समजा, महिना १२,००० रुपये, मुदत अकरा महिने आणि परतीची अनामत ३०,००० आहे. तर एकूण भाडे आणि अनामतीवरील सालीना दहा टक्क्यांचे मानीव व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे सुमारे साडेतीनशे रुपये, आणि शहरी हद्दीत नोंदणी फी १,०००. आधार क्रमांक व अंगठ्याचा ठसा यांवर हे काम घरबसल्या होते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत.

सोसायटीचे प्रकरण निराळे. सभासदाने स्वतः न राहता जागा दुसऱ्यास राहावयास दिली तर बिनभोगवटा शुल्क सुरू होते. मात्र १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, आणि हे दहा टक्के काढताना महापालिकेचे कर धरावयाचे नाहीत. सेवाशुल्क २,००० असेल तर २०० रुपये. सेक्रेटरी 'आमच्याकडे सरसकट हजार रुपये घेतात' असे म्हणू लागले, तर त्यांच्यापुढे तो आदेश ठेवावा. भांडू नये, भांडण पार्किंगसाठी राखून ठेवावे. पोलिस ठाण्यास राहणाऱ्याची माहिती कळविण्याचे काम मालक घरी असतानाही करावयाचे होते. ते राहिले असल्यास आता उरकावे. कर्जाच्या दस्तात बँकेच्या संमतीवाचून जागा देऊ नये असे कलम बहुधा असते, तेही जाण्यापूर्वी काढून वाचावे.

करारातील परिशिष्टात 'फ्लॅट क्रमांक अमुक' एवढेच लिहून मोकळे होऊ नये. कोणती खोली दिली, स्वयंपाकघर, न्हाणीघर व बैठकीची खोली सामाईक, आणि मालकाची कुलूपबंद खोली करारातून वगळलेली आहे, हे शब्दांनी लिहावे. खोलीतील पलंग, कपाट, पंखा यांची यादी जोडावी. आणि मुदतीच्या आत मालक परत राहावयास आल्यास एक महिन्याच्या नोटिशीने परवाना संपविता येईल, असे एक कलम घालावे, म्हणजे कंपनीने सहा महिन्यांतच त्यांस पुण्यास परत बोलाविले तर आपल्याच घरी कोणत्या हक्काने यावे हा प्रश्न उरणार नाही.