शेत बुडाले, मासा कोणाचा?

घोडेगावाहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात डिंभे धरण लागते. धरणाच्या भिंतीमागे, डोंगरांच्या बेचक्यांत शिरलेला अथांग जलाशय म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागर. सहलीला आलेली मंडळी क्षणभर थांबतात, ‘काय देखावा आहे!’ म्हणतात आणि पुढे जातात. पाण्यावर एखादी लहानशी होडी दिसते. तीत दोघे बसलेले असतात. त्या दोघांच्या होडीखाली कदाचित त्यांच्याच बापजाद्यांचे भातखाचर असते, याची पाहुण्यांना कल्पना नसते.

बाबू गेनू हा याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, मुंबईत पोटासाठी गेलेला गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी विलायती कापडाच्या मालमोटारीपुढे तो आडवा झाला आणि चिरडला गेला. एका कष्टकऱ्याचे नाव या पाण्याला मिळाले, हे चांगलेच झाले. पण नाव कष्टकऱ्याचे आणि पाणी कोणाचे, असा प्रश्न विचारल्याशिवाय आपण पुढे जाऊ नये.

कुकडी प्रकल्पात जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली पाच धरणे येतात : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. एकट्या डिंभ्याचा उपयुक्त साठा साडेबारा टीएमसीच्या घरात आहे. घोड नदीचे हे पाणी कालव्यांनी पूर्वेकडे जाते. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंतच्या शेतीला कुकडीच्या पाण्याचा आधार आहे. तिकडचे शेतकरी काही आपले शत्रू नव्हेत. त्यांची तहानही खरीच आहे. पण त्यांच्या उसासाठी ज्यांची खाचरे बुडाली, त्यांच्या ताटात काय पडले?

डिंभ्याच्या पाण्यात जुने आंबेगावही गेले. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले, तेच गाव आज पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या बांधकामांचे अवशेष उघडे पडतात. विस्थापितांत महादेव कोळी आदिवासींची संख्या मोठी. काहींना लाभक्षेत्रात जमिनी मिळाल्या. अनेकजण मात्र वरच्या उतारावर सरकले आणि पाण्याकडे पाहत राहिले.

सातबारा नव्हता, त्यांचे काय?

धरणग्रस्त म्हटले की सरकारी कचेरीत पहिला प्रश्न येतो, ‘सातबारा आहे का?’ ज्याचे नाव उताऱ्यावर, त्याच्या जमिनीची नुकसानभरपाई ठरते. पण दुसऱ्याच्या शेतावर राबणारा भूमिहीन, नदीतला मासा धरून पोट भरणारा कातकरी यांची नदीही बुडालीच ना? डोहातला मासा, काठावरची भाजी, मजुरीचे शेत सगळे गेले. या नुकसानीचा रकाना मात्र फॉर्मवर सहसा नसायचा. आपल्या समाजातल्या भूमिहीन कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. म्हणूनच डिंभ्याच्या काठावर पुढे जे घडले, ते आपण समजून घ्यायला हवे.

कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ या संस्थेने या भागातल्या धरणग्रस्तांबरोबर वर्षानुवर्षे काम केले. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत पीक घेणे, डोंगरउतारावर बांध घालून खाचरे पाडणे आणि जलाशयात मासेमारी करणे, असे या कामाचे तीन मार्ग होते. मासेमारीसाठी धरणग्रस्त आदिवासींची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेने तांत्रिक मदत दिली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे दिले जाणारे ‘इक्वेटर पारितोषिक’ २०१२ साली ‘शाश्वत’ला मिळाले.

मासा पाण्यात आपोआप होत नाही

धरण भरले की मासे आपोआप होतात, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत. त्यांना पावसाळी नदीचे वाहते पाणी लागते. म्हणून त्यांचे बीज केंद्रावर तयार करून जलाशयात सोडावे लागते. नुकत्याच जन्मलेल्या पिलांना मत्स्यजिरे म्हणतात, कारण ती दिसतात खरोखर जिऱ्याएवढी. ती तशीच मोठ्या पाण्यात सोडली तर मरळीसारखे मांसाहारी मासे त्यांचा फराळ करतात. म्हणून जाळीचे पिंजरे पाण्यात बांधून, कोंडा-पेंड घालून त्यांना बोटाएवढे वाढवायचे. मग ती ‘बोटुकली’ मोकळ्या पाण्यात सोडायची. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. एकाच पाण्यात तिघांचा संसार भांडणाशिवाय चालतो.

होडीवरचे काम दिसते तितके सोपे नाही. संध्याकाळी एकाने वल्हे मारायचे, दुसऱ्याने जाळे सोडत जायचे. पहाटे थंडीत जाऊन ते उचलायचे. तळाशी बुडालेल्या झाडांचे खुंट आणि घरांचे चौथरे असतात; त्यांत जाळे अडकले की फाटते. डोंगरातून वारा सुटला की छोटी होडी उलटायला वेळ लागत नाही. म्हणून अंगावर लाइफ जॅकेट हवेच. ‘मला पोहता येते’ ही बढाई वाऱ्यापुढे चालत नाही. शिवाय बारीक भोकांचे जाळे वापरून पिले उपसणारा माणूस स्वतःचेच पुढच्या वर्षीचे पोट मारतो.

हिशेब करून पाहा

वह्या-खतावण्यांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला मात्र खरे वादळ दुसरीकडेच दिसते. समजा, एका व्यापाऱ्याने जाळ्यासाठी ५,००० रुपये उचल दिली. अट एकच, मासा त्यालाच घालायचा. बाजारात भाव किलोला १२० रुपये असताना तो ९० देतो. रोज चार किलो मासा घातला तर दिवसाला १२० रुपये बुडाले. महिन्यात २५ दिवस काम धरले तर ३,००० रुपये. दोन महिन्यांत ६,००० रुपये व्यापाऱ्याच्या खिशात गेले आणि ५,००० ची उचल वहीत जशीच्या तशी उभी! व्याज कुठे लिहिलेले नाही, पण ते घेतले गेले आहे. ही वेठबिगारी नाही तर काय?

यावर उपाय म्हणजे सहकारी संस्था. जाळे संस्थेने द्यायचे, वजन संस्थेच्या काट्यावर करायचे, पावती हातात घ्यायची. पण संस्था नुसती नोंदवून भागत नाही. सभासद सह्या करतात आणि कारभार ठेकेदाराचा पैसा करतो, असे होता कामा नये. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. तिथे प्रत्येक सभासदाला एकच मत असते, मग त्याचे शेअर्स कितीही असोत. त्या दिवशी मजुरी बुडाली तरी चालेल, सभा बुडवू नका. घरातल्या शिकलेल्या मुलीला ताळेबंद वाचायला बरोबर न्या. मासळी निवडते बाई, बाजारात विकतेही बाई. मग सभासदाच्या नोंदवहीत तिचे नाव का नको?

आणखी एक कागद लक्षात ठेवावा. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांच्या यादीत जलाशयांतली मासळीही आहे. हा कायदा अनुसूचित जमातींसाठी आहेच. पण १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनात किंवा वनजमिनीवर राहून उपजीविकेसाठी तिच्यावर अवलंबून असलेल्या इतर पारंपरिक वननिवासींनाही तो हक्क देतो. दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. डोंगरी गावांतल्या आपल्या बांधवांनी आदिवासी शेजाऱ्यांच्या हक्काला धक्का न लावता, त्यांच्या खांद्याला खांदा लावून हा अर्ज अभ्यासावा. पुरावा म्हणून म्हाताऱ्या माणसांचे जबाबही उपयोगी पडतात. त्यांची माणसे आहेत तोवर ते लिहून घ्या.

धरणाने शेत नेले, ते परत येणार नाही. पण त्याच जागी आज जे पाणी उभे आहे, त्यातला मासा ही कोणाची मेहेरबानी नव्हे, ती बुडालेल्या जमिनीची थकबाकी आहे. ती वसूल करायची तर एका हातात वल्हे आणि दुसऱ्या हातात पावतीपुस्तक हवे. दोन्हींपैकी एक जरी सुटले, तरी होडी ठेकेदाराच्या काठाला लागलीच म्हणून समजा.