लेस्टर, लीग आणि ३० जून

२८ मे २०२३ रोजी लेस्टर सिटीने वेस्ट हॅमला २-१ हरवलं आणि तरीही प्रीमियर लीगमधली जागा गमावली. त्याच दुपारी एव्हर्टनने बोर्नमथला १-० नमवून दोन गुणांच्या फरकाने स्वतःला वाचवलं. सातच वर्षांपूर्वी लीग जिंकून जगाला तोंडात बोट घालायला लावणारा लेस्टर खालच्या श्रेणीत, चॅम्पियनशिपमध्ये घसरला.

लीगचा आर्थिक नियम सांगायला सोपा होता. तीन वर्षांत मिळून क्लबला जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड तोटा चालायचा. अकादमी आणि महिला संघावरचा खर्च त्यात धरत नसत. मालक कितीही गब्बर असला तरी मर्यादा तीच. एव्हर्टनने २०२१-२२ अखेरच्या तीन वर्षांत ती १.९५ कोटींनी ओलांडली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा गुण कापले गेले, अपिलात ते सहावर आले. पण कापले गेले ते तेव्हा चालू असलेल्या हंगामातले! हेच सहा गुण आदल्या हंगामात गेले असते, तर एव्हर्टन बुडाला असता आणि लेस्टर तरला असता.

मार्च २०२४ मध्ये लीगने लेस्टरवरच आरोप ठेवला: २०२२-२३ अखेरचा तोटा मर्यादेपेक्षा २.४४ कोटींनी जास्त. लेस्टरच्या वकिलांनी मुळावरच बोट ठेवलं. खाली गेलेला क्लब आपला लीगमधला शेअर जूनच्या मध्यावर सोडतो. लेस्टरचं हिशेबाचं वर्ष मात्र ३० जूनला संपत होतं. वर्ष संपल्याशिवाय उल्लंघन होत नाही, आणि ते संपलं तेव्हा लेस्टर लीगचा सभासदच नव्हता. मग शिक्षा करणारी लीग कोण? सुनावणी करणाऱ्या आयोगाने हा मुद्दा उडवून लावला. सप्टेंबर २०२४ मध्ये अपील मंडळाने तो मान्य केला आणि नियमांच्या ढिसाळ शब्दरचनेवरही ठपका ठेवला.

पळवाट, अशी ओरड झाली. पण हे नियम म्हणजे काही संसदेचा कायदा नव्हे, तो क्लबांनी आपसांत केलेला करार आहे. गुण कापण्याइतकी जबर शिक्षा द्यायची, तर करारात लिहिलंय तेवढंच वाचायला हवं. मंडळाने तेच केलं आणि योग्य केलं.

याच ३० जूनने नॉटिंगहॅम फॉरेस्टला मात्र गाळात घातलं. नुकत्याच वर आलेल्या या क्लबची मर्यादा ६.१ कोटींचीच होती, ती ३.४५ कोटींनी ओलांडली गेली. ब्रेनन जॉन्सनला टॉटनहॅमकडे सुमारे ४.७५ कोटींना विकलं, पण १ सप्टेंबरला, म्हणजे हिशेबाचं वर्ष संपल्यावर. घाईने जूनमध्ये विकला असता तर एवढी किंमत आली नसती, हा फॉरेस्टचा युक्तिवाद व्यापाराच्या दृष्टीने बिनतोड होता. आयोगाला तो पटला नाही. चार गुण गेले, अपीलही मे २०२४ मध्ये फेटाळलं गेलं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लबांनी मतदान करून हा नियमच मोडीत काढला. २०२६-२७ पासून तोट्याऐवजी संघावरचा खर्च मोजायचं ठरलं: उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंत.