चाळिशी उलटली तरी पुंजी उभी राहते

छावणीच्या बाजारालगत शिवणकाम करणारे एक कारागीर मध्यंतरी बँकेतून हात हलवत परतले. अटल पेन्शनचा फॉर्म भरायचा होता, पण वय निघाले सेहेचाळीस. उत्तर नियमाला धरूनच होते. मात्र एक दार बंद झाले म्हणजे सगळीच बंद झाली, असे नाही.

2015 साली सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेत 18 ते 40 वयातच शिरता येते. 1 ऑक्टोबर 2022 पासून आयकर भरणाऱ्यांना तिच्यात नवे खाते उघडता येत नाही. 2019 साली आलेल्या श्रमयोगी मानधन आणि छोट्या व्यापाऱ्यांच्या पेन्शन योजनेलाही चाळिशीचीच अट आहे.

उशिराची किंमतही पाहा. साठीनंतर महिना 5000 रुपये मिळावेत म्हणून अठराव्या वर्षी शिरणारा महिना 210 रुपये भरतो, चाळिसाव्या वर्षी शिरणारा 1454. साठीपर्यंत पहिल्याचे जातात 1 लाख 5 हजार 840, दुसऱ्याचे 3 लाख 48 हजार 960. तेव्हा दुकानातल्या तरुण मुलाचे खाते आजच उघडून द्या.

चाळिशीपुढच्यांसाठी राष्ट्रीय पेन्शन योजना आहे. ती 2009 मध्ये सर्व नागरिकांना खुली झाली. प्रवेशाची कमाल वयोमर्यादा 2017 मध्ये 60 वरून 65 वर आणि 2021 मध्ये 70 वर नेण्यात आली. वर्षाला किमान 1000 रुपये भरावे लागतात, बाकी सीझन पाहून भरता येते. शेवटी जमलेल्या रकमेचा काही हिस्सा पेन्शनसाठी विमा कंपनीकडे ठेवावा लागतो. रक्कम लहान असल्यास सगळी हाती मिळते. सार्वजनिक भविष्य निधीला तर वयाची अटच नाही. वर्षाला 500 रुपयांपासून दीड लाखापर्यंत भरता येते, मुदत 15 वर्षांची.

इथे आपल्यापुढे रिबाचा प्रश्न येतो. भविष्य निधीवर सरळ व्याजच मिळते. पेन्शन योजनेचा पैसा शेअरबरोबर कर्जरोख्यांतही जातो. ज्यांना हे टाळायचे आहे, त्यांच्यासाठी टाटा एथिकल, टॉरस एथिकल असे शरीअतच्या कसोटीवर शेअर निवडणारे फंड आहेत. त्यांना वयाचे बंधन नाही, पण नफ्याची हमीही नाही. साठीला टेकलेल्याने सारी पुंजी तिथे टाकू नये. आपल्या आलिमांना विचारूनच पाऊल टाकावे.

आम्हा कापडवाल्यांना वाटते, गल्ल्यातला माल हीच पेन्शन. पण फॅशन बदलली की तोच माल निम्म्या भावाने काढावा लागतो. हिमरू विणणाऱ्याचे हात थकले की मागही थांबतो. तवक्कुल जरूर ठेवावा, पण आधी उंट बांधावा. म्हातारपणी मुलांपुढे हात पसरण्याची वेळ येऊ नये, यासाठी दर महिन्याला थोडे बाजूला काढणे हाही हलाल रोजीचाच हक्क आहे.