राखणीसाठीं कुत्रा निवडतांना

बैल घेतांना आमचा शेतकरी त्याचे दांत पाहतो, खांदा चाचपतो, चार पावलें चालवून पाहतो. शेळी घेतांना तिच्या आईच्या दुधाची चौकशी करतो. कुत्रा मात्र कोणी दिला म्हणून, किंवा दिसावयास डौलदार म्हणून घरीं येतो. या निष्काळजीपणाचें मोल पुढें दहा-बारा वर्षें मोजावें लागतें, कारण कुत्र्याचें आयुष्य सामान्यतः तितकें असतें.

या बाबतींत आमचीच एक चूक वाचकांपुढें ठेवितों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं एक कारवानी पिलूं मोठ्या हौसेनें आणलें. वाढल्यावर त्याची उंची व चाल पाहून जाणारे-येणारे थांबत. परंतु आमचें घर गांवाच्या मध्यभागीं, अंगण जेमतेम. म्हणून तो दिवसभर साखळीला बांधलेला असे. एके सकाळीं साखळी तुटली आणि शेजाऱ्याच्या उस्मानाबादी शेळीचीं दोन करडें त्यानें मारलीं. भरपाई आम्हीं दिली; पण त्या घरचें जाणेंयेणें पूर्ववत् होण्यास पुष्कळ दिवस लागले. दोष कुत्र्याचा नव्हता. पळत्या जनावरामागें धांवणें हाच ज्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धर्म, त्यास आम्हीं अंगणांत डांबलें होतें.

कारवानी कुत्र्याचें नांव आमच्या मुलखांत मोठें आहे, तें उगाच नव्हे. निमुळतें लांब तोंड, खोल छाती, आंत ओढलेलें पोट व उंच पाय अशी त्याची ठेवण. सावज तो वासापेक्षां डोळ्यांनीं हेरतो. कर्नाटकांत त्यास मुधोळ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनीं या जातीची जोपासना केली, आणि सन २००५ मध्यें टपाल खात्यानें तिचें चित्र तिकिटावर छापलें. कान, पाय व शेपटी यांवर रेशमासारखे लांब केस असणारा तो पश्मी. दोघेही मोजक्याच माणसांवर जीव लावणारे व परक्याविषयीं साशंक असतात. पूर्वीं त्यांचा मुख्य उपयोग सशाच्या शिकारीस होई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ती शिकार गुन्हा ठरली आहे. तेव्हां ज्याचें शेत मोकळें असून भोंवतीं कुंपण आहे, आणि सकाळ-संध्याकाळ कुत्र्यास धांवविणारा घरांत कोणी आहे, त्यानेंच ही जात पाळावी.

ज्यांच्या दारीं शेळ्यामेंढ्यांचा कळप आहे, त्यांची गरज निराळी. माळरानावर लांडग्याचें भय, डोंगरकडेला बिबट्याचें. येथें वेगानें पळणारा नव्हे, कळपाजवळ ठाण मांडून बसणारा कुत्रा हवा. असा कुत्रा धनगरांच्या वाड्यावर मिळतो. त्याची परीक्षा रंगावरून करूं नये. त्याची आई कळपांत शांत राहते काय, हें पाहावें. दोन महिन्यांचें पिलूं आणून शेळ्यांतच वाढवावें. त्या वयांत ज्यांचा सहवास घडतो, त्यांना तें पुढें आपलें मानतें. गळ्यांत खिळ्यांचा रुंद पट्टा असावा. बिबट्या पुष्कळदां कुत्र्यासच उचलतो. म्हणून तशा वस्तीवर रात्रीं त्यास उघड्यावर बांधूं नये, बंद गोठ्यांत घ्यावें. लांडगा व बिबट्या हे दोन्ही प्राणी कायद्यानें संरक्षित आहेत. तेव्हां झुंजणाऱ्या कुत्र्यापेक्षां वेळीं भुंकून घरधन्यास उठविणारा कुत्रा अधिक हिताचा.

ज्यांस केवळ घर, खळें व कडबा राखावयाचा आहे, त्यांनीं गावठी कुत्र्यास कमी लेखूं नये. त्याचे आंखूड केस आमच्या उन्हास मानवतात, घरच्या भाकरीवर तो निभावतो आणि अनोळखी पावलाची चाहूल त्यास लगेच लागते. याउलट शहरांतून येणाऱ्या परदेशी जातींचा विचार करावा. कुत्र्यास माणसाप्रमाणें अंगभर घाम येत नाहीं. धापा टाकूनच तो अंग निववितो. म्हणून दाट केसांच्या आल्सेशियनास वैशाखांत त्रास होतो, आणि चपट्या नाकाच्या पगास तर श्वासच पुरत नाहीं. लॅब्राडोर प्रेमळ खरा, पण तो चोराशींही सलगी करील.

जात कोणतीही असो, आठ आठवड्यांपूर्वीं पिलूं आईपासून तोडूं नये. तीन महिन्यांचें होतांच त्यास पिसाळरोगाची लस टोंचावी व पुढें दरवर्षीं ती न चुकतां द्यावी. कुत्रा चावल्यास जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. चुना, मिरची लावून वेळ दवडूं नये. हा रोग एकदां उमटला म्हणजे मनुष्य बहुधा वांचत नाहीं.

अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाचे आम्ही भक्त. त्या देवाजवळ कुत्र्यास स्थान आहे. आपल्या दारींही त्यास त्याच्या जोगें स्थान व त्याच्या जोगें काम देतां येईल काय, एवढा प्रश्न पिलूं उचलण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःस विचारावा. उत्तर नाहीं असें आलें, तर तें पिलूं ज्याच्याकडे काम आहे त्याच्या घरीं जाऊं द्यावें.