नग्नता : स्वेच्छेची आणि सक्तीची

नग्नतेचा विषय निघाला की आपली सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात. पण ती नग्नता कोणाची आणि कोणाच्या इच्छेने, हे आधी विचारले पाहिजे.

र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. शरीरात लाजण्यासारखे काही नाही असे ते मानत. नग्नतेचा त्यांनी उघड पुरस्कार केला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू न्यायालयात बाबासाहेबांनी मांडली. खटला हरला, विचार हरला नाही.

याच बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला आपल्या स्त्रियांना सांगितले की, जातीची खूण पटवणारी नेसण टाका, अंगभर नीट लुगडे नेसा. यात विसंगती नाही. आपल्याला वस्त्रसुद्धा झगडून मिळवावे लागले. दलिताला विवस्त्र करणे, नग्न धिंड काढणे हा गुन्हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहावा लागला, यावरूनच ही सक्ती किती मुरलेली आहे ते कळते.

आमच्या सावद्यात केळीच्या बागांत राबणाऱ्यांच्या कपड्यांवर चिकाचे काळे डाग पडतात. ते धुऊन जात नाहीत. त्या डागांवरून माणसाची किंमत करणारी नजर आणि उघड्या अंगाला हसणारी नजर मला एकच वाटते. ती नजर आपल्यातही शिरते. मग आपणच आपल्या काळ्या, रापलेल्या अंगाची लाज धरतो.

म्हणून मी म्हणतो, झाकण्याचा हक्क आणि न झाकण्याचे स्वातंत्र्य यांचा पाया एकच आहे : देह ज्याचा त्याचा. हे स्वतःपुरते मानून भागणार नाही. शेजाऱ्याच्या देहालाही तोच मान दिला पाहिजे.